नवाहो पार्श्वभूमीवर टीनएज रहस्यकथा लिहायचीय? मग आधी तो स्किनवॉकर काढा

प्रश्न थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. फीनिक्सला राहणाऱ्या एका ताई मराठीत टीनएजर मुलांसाठी रहस्यकादंबरी लिहितायत. नायिका पंधरा वर्षांची नवाहो मुलगी, म्हणजे अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या एका मूळनिवासी जमातीतली, तिच्या आजोबांचा संशयास्पद मृत्यू होतो, क्लू एका सँडपेंटिंगमध्ये, म्हणजे रंगीत वाळूच्या चित्रात, लपवलेला असतो आणि गावात सगळे म्हणत असतात की हे स्किनवॉकरचं, म्हणजे रूप बदलणाऱ्या चेटक्याचं, काम आहे. त्यांनी विचारलंय की हे चालेल का, कुणाला लागेल का, आणि तयारीसाठी काय वाचावं.

मी वायव्य न्यू मेक्सिकोत पब्लिक लायब्ररीत टीन सेक्शन बघते, आमच्याकडे येणारी बरीचशी मुलं नवाहो आहेत, आणि रहस्यकथा हा माझ्या शेल्फचा सगळ्यात जास्त फिरणारा भाग आहे, शिवाय या भागावर लिहिणाऱ्यांची हस्तलिखितंही वाचायला येतात, त्यामुळे तुमच्यासारखा प्लॉट मी अनेक वेळा पाहिलाय. ताई, मुलगी ठेवा, आजोबा ठेवा, मृत्यूही ठेवा. सँडपेंटिंग आणि स्किनवॉकर दोन्ही काढा. कुणी रागावेल म्हणून तर काढाच, पण रहस्यकथा म्हणूनही ते दोन धागे कच्चे आहेत आणि त्यांच्यामुळे तिथलं खरं गूढ झाकलं जातं. मला जे सांगायचंय ते एवढंच की गूढ त्यांच्या देवाधर्मात शोधायला जाऊ नका, गुन्ह्यात ठेवा. जमीन कुणाची, केस कुणाची, घड्याळ कुठलं, नातं कुठलं, यातच इतकं गूढ पडलंय की वरून भूत आणायची गरज नाही.

स्किनवॉकरबद्दल आधी बोलू कारण सगळे तिथेच अडकतात. इंटरनेटवर या नावाचे हजारो व्हिडिओ आहेत, जनावराचं रूप घेणारा चेटक्या वगैरे, त्यामुळे बाहेरच्या माणसाला वाटतं ही त्यांची मजेशीर भुताची गोष्ट आहे. तसं नाहीये. बऱ्याच नवाहो घरांत हा विषय काढतच नाहीत, आणि रात्री तर मुळीच नाही, आणि कॉलेजात शिकलेली, बायॉलॉजी घेतलेली मुलंसुद्धा विषय बदलतात. २०१६ मध्ये एका जगप्रसिद्ध ब्रिटिश लेखिकेने आपल्या जादूच्या दुनियेचा विस्तार करताना हे स्किनवॉकर तिच्या पद्धतीने समजावून दिले तेव्हा मूळनिवासी अभ्यासक आणि लेखक केवढे चिडले होते ते शोधून वाचा, त्यांचा मुद्दा साधा होता की ही जिवंत माणसांची जिवंत श्रद्धा आहे, तुमच्या दुनियेचं सामान नाही. आता तुम्ही म्हणाल की माझ्या गोष्टीत शेवटी तो साधा माणूसच निघतो, खरा स्किनवॉकर नसतोच. पण मग ते आणखी वाईट झालं ना, म्हणजे अख्खं गाव भाबडं आणि खलनायकाने त्यांच्या श्रद्धेचा मुखवटा घालून त्यांना मूर्ख बनवलं. शिवाय टीन वाचक हुशार असतात, भुताची अफवा आली की पन्नासाव्या पानावर त्यांना कळतं की हे खोटं आहे आणि ज्याला अफवेचा फायदा तोच चोर.

सँडपेंटिंगचं तर लॉजिकच बसत नाही. खरं सँडपेंटिंग हे विधीचा भाग असतं, हताली म्हणजे मंत्र गाणारे जाणकार आजारी माणसासाठी होगानच्या, म्हणजे त्यांच्या पारंपरिक घराच्या, जमिनीवर ते करतात, आजारी माणूस त्यावर बसतो, आणि विधी झाला की त्याच दिवशी ते पुसून टाकतात. ते उरतच नाही तर क्लू कुठून उरणार? आणि दुकानात लाकडी फळीवर चिकटवलेली जी सँडपेंटिंग मिळतात त्यात मुद्दाम काहीतरी बदललेलं असतं, म्हणजे ती विधीची हुबेहूब प्रत होऊ नये. म्हणून तुमची नायिका दुकानातल्या फळीवरून आजोबांचा पवित्र संदेश वाचते हा सीन कुठल्याही नवाहो मुलाला दाखवलात तर तो हसेल.

पण तुम्हाला कलावस्तूत दडलेला क्लू हवाच असेल, आणि मला समजतं का हवाय ते, तर गालिचा घ्या. नवाहो रग. इथे तुम्हाला खरं फोरेन्सिक मिळतं. नवाहो विणकाम उभ्या मागावर होतं आणि ताणा अखंड असतो, एकच दोरा वरून खाली, खालून वर असा फिरवत नेलेला, त्यामुळे रग पूर्ण झाला की कडेला कापलेली टोकं राहत नाहीत, म्हणजे झालर नसते. मेक्सिकोत ओआहाकाकडे झापोटेक विणकर पायाने चालवायच्या मागावर नवाहो डिझाइनचे रग विणतात, सुंदर असतात, त्यात काही गैर नाही, पण त्या मागावर ताणा कापावाच लागतो, मग ती टोकं एकतर झालर म्हणून सोडतात किंवा सुईने परत आत खोचतात. खोचली की शेवटच्या इंच दोन इंचात रग जरा जाड लागतो, बोटाला कळतं, आणि डाव्या उजव्या काठाशी ताण्याचे दोन तीन दोरे एकत्र घेतलेले असतात तेही चिमटीत येतं. आता विचार करा, आजीबरोबर मागासमोर बसून वाढलेली मुलगी, न्यू मेक्सिकोतल्या गॅलपच्या एखाद्या दुकानात टू ग्रे हिल्स या नावाजलेल्या नवाहो शैलीचा म्हणून हजारो डॉलरला टांगलेला रग, तोच तपकिरी करडा काळा पांढरा, न रंगवलेल्या लोकरीचा भास, आणि ती फक्त कोपरा चिमटीत धरते आणि गप्प होते. तिला कळलंय आणि दुकानदाराला कळलंय की तिला कळलंय. हा सीन लिहायला तुम्हाला एकही पवित्र गोष्ट उघडी करावी लागत नाही. वर १९९० चा इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स ॲक्ट आहे, मूळनिवासी नसलेल्याने बनवलेली वस्तू मूळनिवासी म्हणून विकली तर तो फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या अखत्यारीतला, गुन्हा आहे, म्हणजे मोटिव्ह आला, पैसा आला, एफबीआय यायलाही कारण मिळालं. क्राउनपॉइंटला शाळेच्या इमारतीत कित्येक दशकं रगचा लिलाव भरत आलाय जिथे विणकर बायका स्वतः रग घेऊन येतात, तुमच्या आजींची तिथल्या बायकांशी ओळख असणारच, माहिती काढायला याहून चांगली जागा नाही.

बरं, आता टोनी हिलरमनचं नाव घ्यावंच लागेल कारण तुमच्या ड्राफ्टवर त्यांची सावली दिसतेय. ओक्लाहोमात जन्मलेला गोरा पत्रकार, नंतर न्यू मेक्सिको विद्यापीठात प्राध्यापक, १९७० मध्ये पहिली नवाहो पोलीस कादंबरी आली आणि मग लीपहॉर्न आणि ची हे दोन पोलीस जगभर गेले. नवाहो नेशनने, म्हणजे नवाहोंच्या स्वतःच्या सरकारने, १९८७ मध्ये त्यांचा जाहीर सन्मान केला होता हे खरं आहे, आणि इथे अनेक घरांत आजही त्यांची पुस्तकं प्रेमाने वाचली जातात हेही मी रोज बघते. पण त्याच पुस्तकांनी एक साचा पाडला, की मेलेला माणूस, चेटकाची शंका, एक विधी, आणि विधीतल्या बारकाव्यावरून सुटणारी केस. पन्नास वर्षांपूर्वी तो साचा नवा होता, आता तो थकलाय. त्यांच्या मुलीने २०१३ पासून मालिका पुढे नेताना बर्नाडेट मॅन्युएलिटो या बाई पोलिसाला मध्यभागी आणलं तेव्हा गोष्टीही बऱ्याच घरगुती झाल्या, आई, बहीण, रग, रस्ता असं सगळं. २०२२ पासून त्याच पात्रांवर टीव्ही मालिका चाललीय, नवाहो प्रेक्षकांनी आवडीने बघितली आणि त्यातल्या नवाहो उच्चारांवरून तितकीच झोडपलीसुद्धा. म्हणजे लोक बघतात, वाचतात, आणि चुका मोजतात, हे धरून चाला.

आणि बाहेरच्यांवर इतका संशय का, याला कारणं आहेत. २००० च्या सुमारास एका लेखकाने स्वतःला नवाहो म्हणवून आठवणींची पुस्तकं छापली, बक्षिसं मिळाली, आणि २००६ मध्ये कळलं की तो गोरा माणूस, नवाहोशी काही संबंध नाही. २०१८ मध्ये एका गाजलेल्या फँटसी कादंबरीवर नवाहो लेखकांच्या गटाने खुलं पत्र लिहून आक्षेप घेतला, त्या लेखिका स्वतःला मूळनिवासी वंशाच्या सांगतात, नवरा नवाहो, तरीही आक्षेप, कारण बंद दाराआडच्या गोष्टी मारामारीच्या कथेत वापरल्या असं त्यांचं म्हणणं. घरच्या सुनेला जर हा हिशोब द्यावा लागला तर तुम्हाला आणि मला किती द्यावा लागेल बघा.

आता आजोबांच्या मृतदेहाकडे येऊ. रहस्यकथेत पहिल्या प्रकरणात प्रेत सापडतं आणि डिटेक्टिव्ह वाकून बघतो, खिसे तपासतो, फोटो काढतो. पारंपरिक नवाहो घरात वाढलेली मुलगी हे करणार नाही. मृत्यूपासून लांब राहणं, गेलेल्या माणसाचं नाव न घेणं, त्या जागेत न थांबणं, हे खूप खोल आहे, पूर्वी होगानमध्ये माणूस गेला तर उत्तरेच्या भिंतीला भोक पाडून ते घर कायमचं सोडून देत. सगळेच आज हे पाळतात असं नाही, कितीतरी नवाहो ख्रिश्चन आहेत, कितीतरी नेटिव्ह अमेरिकन चर्चचे आहेत, कितीतरी घरांत तिन्ही गोष्टी एकाच जेवणाच्या टेबलावर बसतात. पण तुमच्या मुलीचं घर यातलं कुठलं हे तुम्ही ठरवलं पाहिजे आणि मग शेवटपर्यंत तसंच ठेवलं पाहिजे. आणि जर ती पाळणारी असेल तर रहस्यकथा अवघड होत नाही, उलट मस्त होते, कारण तिला प्रेत न बघता केस सोडवायची आहे. ती आजोबांचं नाव न घेता त्यांच्याबद्दल विचारणार, समोरचाही नाव न घेता उत्तर देणार, आणि दोघं एकाच माणसाबद्दल बोलतायत की नाही यात एक अख्खं प्रकरण निघू शकतं. मराठी वाचकाला हे लगेच कळेल, आपल्याकडेही नवऱ्याचं नाव न घेता संसार केलेल्या आज्या होत्याच.

आजोबा म्हणताय पण कुठले आजोबा? हे तुमच्या ड्राफ्टमध्ये कुठेच नाही आणि नवाहो गोष्टीत याशिवाय पुढे जाताच येत नाही. आईचे वडील म्हणजे शिचेई, वडिलांचे वडील म्हणजे शिनाली. कूळ आईकडून येतं, आपल्या गोत्राच्या बरोबर उलट, आणि ओळख करून देताना माणूस चार कुळं सांगतो, पहिलं आईचं जे आपलं स्वतःचं, मग वडिलांचं ज्याच्यासाठी आपण जन्मलो, मग आईच्या वडिलांचं, मग वडिलांच्या वडिलांचं. आईची बहीण ही धाकटी आईच, तिची मुलं सख्खी भावंडं. स्वतःच्या कुळात लग्न नाही आणि वडिलांच्या कुळातही नाही, त्यामुळे बास्केटबॉल मॅचला आवडलेल्या मुलाशी बोलताना तुमची नायिका इन्स्टा आयडीच्या आधी कुळ विचारणार, हे मी लायब्ररीत कितीदा ऐकलंय, दोघं लाजत लाजत कुळं सांगतात आणि मग एकजण अरे यार म्हणून कपाळाला हात लावतो कारण निघाले बहीणभाऊ.

यातून क्लू कसा काढायचा बघा. एक अनोळखी माणूस आजींच्या घरी येतो, पिकअप लावतो, लगेच दार वाजवत नाही, गाडीतच बसून राहतो, कोणीतरी बाहेर येईपर्यंत, जी तिथली रीत आहे. मग आत येतो, कॉफी घेतो, सांगतो की मी तुमच्या गेलेल्यांचा मित्र, कडू पाण्याच्या कुळातला, आणि जन्मलोयही कडू पाण्याच्या कुळासाठी. शहरी वाचकाच्या नजरेतून हे सुटतं, नायिकेच्याही सुटतं कारण ती तेव्हा फोनवर आहे. आजी काही बोलत नाहीत, फक्त त्याला दुसरी कॉफी विचारत नाहीत. दीडशे पानांनंतर मुलीच्या डोक्यात पडतं की आई आणि वडील दोघं एकाच कुळाचे म्हणजे असं लग्न झालंच नसतं, हा माणूस कुठूनतरी पाठ करून आलाय. क्लू वाचकाच्या डोळ्यासमोर ठेवलाय, फसवणूक नाही, आणि सोडवणारी चावी संस्कृतीतून येते पण कुठलंही बंद दार न उघडता.

पोलिसांचं बोलू. नवाहो नेशन साधारण ७१,००० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे मराठवाड्यापेक्षा थोडं मोठं, ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा अशा तीन राज्यांत पसरलेलं, राजधानी विंडो रॉक. एवढ्या जागेला पोलीस दोनशेच्या आसपास. फोन केला की गाडी यायला तास दोन तास सहज लागतात, पावसाळ्यात कच्चा रस्ता वाहून गेला तर त्याहून जास्त, आणि बऱ्याच घरांना रस्त्याचं नाव नंबर असा पत्ता नसतो, पाण्याच्या टाकीपासून डावीकडे, निळ्या टायरच्या पुढे असा पत्ता सांगावा लागतो. पंधरा वर्षांची मुलगी तपास का करतेय, पोलिसांना का सांगत नाही, या टीन रहस्यकथेतल्या कायमच्या दुखण्याला इथे आपोआप उत्तर मिळतं. सांगितलंय, पण येणार कधी?

आणि आले तरी केस कुणाची? १८८५ च्या मेजर क्राइम्स ॲक्टमुळे रिझर्व्हेशनवर, म्हणजे जमातीच्या राखीव जमिनीवर, मूळनिवासी माणसाने केलेला खून हा फेडरल गुन्हा, म्हणजे एफबीआय. गुन्हेगार बाहेरचा आणि बळी नवाहो असला तरी प्रकरण फेडरलकडे. दोघंही बाहेरचे असले तर राज्याकडे. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जमातीच्या कोर्टाला बाहेरच्या माणसावर फौजदारी खटला चालवता येणार नाही, २०१३ मध्ये घरगुती हिंसेच्या काही प्रकरणांत थोडी सूट मिळाली, २०२२ मध्ये ती लैंगिक हिंसा, मुलांवरची हिंसा अशा आणखी काही गुन्ह्यांपर्यंत वाढली, बस. न्यू मेक्सिकोच्या बाजूला तर चेकरबोर्ड भाग आहे, एक तुकडा जमातीचा, शेजारचा खाजगी, त्याच्या शेजारचा सरकारी, पटावरच्या घरांसारखा, तिथे प्रेत कुंपणाच्या अलीकडे होतं की पलीकडे यावर कुठली गाडी येणार ते ठरतं. म्हणून म्हणते, तुमचा मृत्यू कुठे झालाय ते आधी नकाशावर बोट ठेवून ठरवा. आणि खलनायकाला हे सगळं माहीत असेल तर तो जागा निवडूनच गुन्हा करेल, हे मला कुठल्याही चेटक्यापेक्षा भीतीदायक वाटतं.

माझा सगळ्यात आवडता मुद्दा घड्याळाचा. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. नवाहो नेशन करतं, ॲरिझोनातल्या भागातसुद्धा, कारण तीन राज्यांत एकच वेळ हवी. पण नवाहो नेशनच्या पोटात होपी लोकांचं रिझर्व्हेशन आहे, ते ॲरिझोनासारखंच घड्याळ पुढे करत नाहीत. म्हणजे मार्च ते नोव्हेंबर ट्यूबा सिटीत आठ वाजलेले असतात तेव्हा हायवेच्या पलीकडे मोएनकोपी या होपी गावात सात. चालत जाण्याएवढं अंतर. मोबाइल कुठला टॉवर पकडतो त्यावर त्याची वेळ उडी मारते, इथली माणसं म्हणूनच डॉक्टरची अपॉइंटमेंट घेताना तुमची वेळ की आमची वेळ असं विचारून घेतात. आता मोएनकोपीचा साक्षीदार म्हणतो मी पांढरा पिकअप सात वाजता बघितला, एफबीआयचा नवा माणूस ते सात असंच लिहून घेतो, आणि संशयिताकडे ट्यूबा सिटीत सात वाजताची पेट्रोल पंपाची पावती आहे, म्हणजे सुटला. पण साक्षीदाराचे सात म्हणजे पंपाचे आठ. मधे अख्खा एक तास मोकळा आहे. हे कुणाच्या लक्षात येणार, तर रोज आईला घेऊन पलीकडे कामाला सोडणाऱ्या मुलीच्या. फक्त एक सांभाळा, तुमच्या ड्राफ्टमध्ये आजी कायोटीच्या, म्हणजे तिकडच्या कोल्ह्यासारख्या प्राण्याच्या, गोष्टी सांगतात, त्या फक्त थंडीत सांगायच्या असतात, पहिलं दव गोठल्यापासून वसंतात पहिला मेघ गडगडेपर्यंत, दोऱ्याचे खेळही तेव्हाच. जुलैत कायोटी सांगणारी आजी दाखवली तर इथलं पहिलीतलं पोरही चूक काढेल. घड्याळाची ट्रिक उन्हाळी, गोष्टी थंडीतल्या. दोन्ही एका पुस्तकात हव्या असतील तर ऑक्टोबरचा शेवट घ्या, गारठा पडलेला असतो आणि घड्याळं अजून मागे गेलेली नसतात, तरी घराघरात नियम थोडा वेगळा असतो म्हणून आजींच्या तोंडी एखादं वाक्य टाका की आमच्याकडे एवढ्यात चालतं.

मोटिव्ह शोधताय तर इथल्या जमिनीखाली बघा. १९४४ ते १९८६ या काळात नवाहो जमिनीतून जवळपास तीन कोटी टन युरेनियमचं खनिज काढलं, पाचशेच्या वर खाणी तशाच टाकून दिल्या, काही घरं तर खाणीतल्या टाकाऊ दगडानेच बांधलेली निघाली. जुलै १९७९ मध्ये चर्च रॉकला बांध फुटून किरणोत्सारी पाणी प्वेर्को नदीत गेलं. २००५ मध्ये नवाहो नेशनने युरेनियम खाणकामावर बंदी घातली. आजोबा खाण कामगार होते, कोणाकडे तरी जुने कागद होते, कोणाला तरी ते नको होते. किंवा पश्चिमेकडे १९६६ पासून २००९ पर्यंत होपींबरोबरच्या जमिनीच्या वादामुळे बांधकामावरच बंदी होती, स्वतःच्या घराचं गळकं छप्परसुद्धा परवानगीशिवाय दुरुस्त करता येत नव्हतं, चाळीस वर्षं, कोणी कोणाविरुद्ध तक्रार केली यातून पिढ्यांचं वैर तयार होतं. किंवा अगदी ताजं हवं तर २०२३ मध्ये बाहेर आलेला फीनिक्सचा घोटाळा, व्यसनमुक्तीच्या नावाखाली रिझर्व्हेशनवरून माणसं गाडीत घालून शहरातल्या घरांत नेऊन ठेवायची, सरकारकडून बिलं उकळायची आणि मग माणसं रस्त्यावर, कितीतरी बेपत्ता, शोधायला नवाहो नेशनला ऑपरेशन रेनबो ब्रिज नावाची मोहीम काढावी लागली. तुम्ही फीनिक्सला राहता, हे तर तुमच्याच शहरात घडलंय. एक गोष्ट मात्र जपून, २०१६ मध्ये शिपरॉकजवळ एका लहान मुलीचं अपहरण होऊन खून झाला, अलर्ट निघायला रात्र गेली, आणि त्यावरून २०१८ मध्ये मूळनिवासी जमातींच्या भागात अलर्ट यंत्रणा नेण्याचा फेडरल कायदा झाला. इथल्या प्रत्येक मुलाला ती मुलगी नावाने माहीत आहे. बेपत्ता मुलीचा धागा घेणार असाल तर त्या केसची नक्कल वाटेल असं काही नको.

खऱ्या जगातलं रहस्य कसं सुटतं ते बघायचं असेल तर १९९३ चा हंटा व्हायरस वाचा. मे महिन्यात फोर कॉर्नर्सला, म्हणजे चार राज्यांच्या सीमा मिळतात त्या भागात, तरुण, धडधाकट माणसं अचानक श्वास कोंडून जायला लागली, त्यात एक नवाहो धावपटू होता जो होणाऱ्या बायकोच्या अंत्यविधीला चालला होता. बाहेरच्या मीडियाने लगेच नवाहो आजार म्हणून बोंब मारली, लोकांना हॉटेलात उठवायला लागले. सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेत काम करणाऱ्या एका नवाहो डॉक्टरने जाणत्या हतालीला विचारलं तर त्यांनी सांगितलं की पाऊस जास्त झाला, पिन्यॉन पाइनच्या झाडांना बिया भरपूर आल्या, उंदीर वाढले, आणि असं आधीही झालंय, उंदीर घरात येऊ देऊ नये हे आमच्याकडे जुनंच आहे. प्रयोगशाळेने पकडलं ते डिअर माऊस नावाच्या उंदरातून पसरणारा व्हायरस. लॅब आणि म्हातारा माणूस दोघं आपापल्या वाटेने एकाच उत्तरावर आले, आणि कुणी कुणाला मंत्र उघड करायला लावला नाही. तुमच्या पुस्तकात आजीचं ज्ञान असं वापरा.

रोजच्या आयुष्याबद्दल जास्त लिहीत नाही, ते तुम्हाला प्रत्यक्ष जाऊन बघावं लागेल. केटीएनएन ६६० एएम रेडिओवर कंट्री गाणी आणि नवाहोत अंत्यविधीच्या सूचना एकापाठोपाठ लागतात, फ्ली मार्केटला मटण स्टू आणि भाजलेला मका, अनेक घरांत अजून नळ नाही म्हणून पिकअपमध्ये पाण्याची टाकी, मुलं हेवी मेटल ऐकतात आणि हायस्कूल बास्केटबॉलसाठी शंभर मैल जातात. बोटाने दाखवत नाहीत, ओठाने दाखवतात. आणि कृपा करून रेड इंडियन हा शब्द मराठी बालसाहित्यातून आता तरी जाऊ दे, नवाहो म्हणा, किंवा ते स्वतःला म्हणतात तसं डिने म्हणा.

वाचायचं काय. नवाहो लेखक ब्रायन यंग यांचं हीलर ऑफ द वॉटर मॉन्स्टर, २०२१ चं, जरा लहान मुलांसाठी आहे पण आजीचं वीज नसलेलं घर आणि उन्हाळ्याची सुट्टी कशी लिहावी ते त्यात आहे, आणि लक्षात ठेवा की पवित्र पात्रं त्यांनी वापरली कारण ती त्यांची आहेत. रमोना इमर्सन यांचं शटर, २०२२, नवाहो लेखिका, पोलीस फोटोग्राफरची गोष्ट, मोठ्यांसाठी आहे आणि बरंच रक्त आहे, पण प्रेत आणि नवाहो मन यांचा संबंध त्यांनी जसा लिहिलाय तसा कोणी नाही, आधी हेच घ्या. तिसरं नवाहो नाही, अँजेलिन बूली यांचं फायरकीपर्स डॉटर, २०२१, ओजिब्वे समाजावरचं, कारण टीन रहस्यकथेचा सांगाडा शिकायला सध्या याहून चांगलं माझ्या शेल्फवर काही नाही. नायिका एफबीआयला मदत करते पण समाजाची कुठली माहिती त्यांना द्यायची आणि कुठली नाही हे तीच ठरवते, आणि सगळा ताण त्यातूनच येतो. हिलरमन नंतर वाचा, आधी नको, नाहीतर तोच आवाज कानात बसतो.

शेवटी कुणाला लागेल का, याचं उत्तर नवाहो वाचकच देईल, मी नाही. पण तुमची अडचण वेगळी आहे, हस्तलिखित मराठीत आहे आणि ते वाचू शकेल असा नवाहो माणूस तुम्हाला मिळणार नाही. म्हणून प्रकरणवार इंग्रजी गोषवारा करा, दहा पंधरा पानं, त्यात प्रत्येक सीनमध्ये काय दिसतं, कोण काय बोलतं, कुठला विधी किंवा रीत आलीय ते सरळ लिहा, भाषेची सजावट नको. तो पूर्ण ड्राफ्ट झाल्यावर नाही तर प्लॉट पक्का करायच्या आधी दाखवा, कारण तीनशे पानं लिहून झाली की माणूस बदल करत नाही, समजावत बसतो. वाचणाऱ्याला पैसे द्या, आभाराच्या पानावर नाव घालायचं का हे विचारून घ्या, काहींना नको असतं. एकापेक्षा जास्त लोकांना दाखवा, एक आजीच्या वयाचं आणि एक कॉलेजातलं असेल तर उत्तम, ते दोघं एकमेकांशी सहमत होणार नाहीत आणि कुठे होत नाहीत ते तुम्हाला कळायला हवं. आणि एखाद्या गोष्टीवर दोघांपैकी कोणी नुसतं गप्प राहिलं, हो पण नाही आणि नाही पण नाही, तर तो सीन काढा, कारण विचारून तिथे काही मिळत नाही.